खाड्यांचा हिशेब

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत चौतीस माणसांची एक छोटी फौंड्री आहे. तिच्या मालकीणबाईंना सगळे ताई म्हणतात. सकाळी पावणेसातला मोबाइल वाजला की ताई नाव बघत नाहीत, घड्याळ बघतात. पार्टीचा फोन दहानंतर येतो, बँकेचा अकरानंतर. पावणेसातचा फोन म्हणजे खाडा. बोलणारा कधी स्वतः कामगार असतो, कधी त्याची बायको, कधी शेजारचा पोरगा. पण वाक्य ठरलेलं. "ताई, आज जमंना. अंगात कणकण हाय."

आठ वाजता इंडक्शन भट्टी चालू होते. तासाभरात पाचशे किलो बीड वितळतं आणि चौदाशे अंशांच्या वर जातं. एकदा हीट तयार झाली की ती कुणासाठी थांबत नाही. धातू नुसता भट्टीत धरून ठेवला तर विजेची युनिटं जळतात, शिवाय त्यातला कार्बनही जळत जातो आणि मालाचा पोत बदलतो. एक जण होइस्टवर, एक लेडलवर, एक वरची मळी काढायला. लेडलवाला आला नाही तर साच्यावरचा माणूस तिकडे ओढायचा, मग साचे कमी पडतात, मग कोअरचा ढीग साठतो, आणि संध्याकाळी गाडी अर्धी भरून जाते. एकाच्या कणकणीनं चौतिसांचा दिवस वाकडा होतो. म्हणून पावणेसातच्या फोनवर "काळजी घ्या" असं तोंडाने म्हणताना ताईंच्या डोक्यात भलतंच चाललेलं असतं. हे त्या स्वतःच हसून सांगतात.

२०१४ पर्यंत ही फौंड्री त्यांचे वडील चालवायचे. अण्णांना हार्ट अटॅक आला आणि पुण्यात सहा वर्षं नोकरी केलेली ही मेकॅनिकल इंजिनिअर मुलगी परत आली. कामगारांच्या आजारपणाबाबत अण्णांची पद्धत सरळ होती. दहाच्या सुमाराला स्कूटर काढायची आणि खाडा केलेल्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. खिशात ग्लुकोज बिस्किटाचा पुडा असायचा. तो द्यायचा की शिव्या द्यायच्या, हे खाटेवर कोण कसं पडलंय ते बघून ठरायचं. त्यांच्या जुन्या मस्टरमध्ये लाल शाईत 'ग' आहे, गैरहजरचा, आणि त्यापुढे कंसात कारण. ग (पोरगी बघायला). ग (दारू). ग (मेहुण्याची भानगड). आणि मधूनमधून नुसतं ग (खरं).

ताईंना हे जमण्यासारखं नव्हतं. माणसं वाढली होती, कागल-पन्हाळ्याकडच्या गावांतून येऊ लागली होती, आणि मालकीणबाई कुणाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या तर अख्खी गल्ली गोळा झाली असती. त्यांनी बोटाच्या ठशाचं यंत्र बसवलं. यंत्राला कंस माहीत नव्हता.

मग नियम आले. २०१६ मध्ये त्यांनी फर्मान काढलं: एका दिवसाचाही खाडा असेल तर डॉक्टरचा दाखला हवा. दाखले आले. इतके आले की त्यांची फाइल करावी लागली. जुलैमध्ये दोन सख्खे भाऊ आणि त्यांचा मेहुणा, तिघांनाही एकाच दिवशी व्हायरल फीवर, तिघांनाही तीन दिवस विश्रांती, आणि तिन्ही कागदांवर एकाच पेनाची फिकी निळी शाई. तिघांच्याही शेतात त्या आठवड्यात भाताची रोप लावण होती.

कोल्हापूर भागातला फौंड्रीतला माणूस अर्धा शेतकरी असतो, हे ताईंना माहीत नव्हतं असं नाही. पण पुण्याहून आलेल्या डोक्याला त्याचा विसर पडला होता. जून-जुलैत लावण, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग उसाचा गळीत हंगाम. साखर कारखान्याची तोडणी टोळी फडात कधी उतरेल याचा नेम नसतो. रात्री निरोप येतो आणि सकाळी मालक बांधावर हजर लागतो, कारण नाही तर टोळी दुसऱ्याच्या फडात जाते. चैत्रात जोतिबाची यात्रा. या सगळ्या दिवसांत फौंड्रीत तापाची साथ यायची. खरं तर नियम येण्याआधी माणसं "लावण हाय" असंच सांगत होती. दाखला मागितल्यावर त्यांनी आजारपण विकत आणलं.

पुढच्या वर्षी ताईंनी लावणी-तोडणीची रजा वेगळी केली. लावणीचं पंधरा दिवस आधी सांगायचं, टोळीचं आदल्या रात्री, आणि बदली माणूस आपसात ठरवायचा. दाखला नको. जुलैतला ताप उतरला. रजा मात्र माणसाच्या हक्काच्या रजेतूनच जायची, आणि ती किती? त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले तर पुढच्या वर्षी दर वीस दिवसांना एक दिवस भरपगारी रजा. म्हणजे धडधाकट माणसाला पंधराएक दिवस. आजारपणाची वेगळी रजा त्या कायद्यात नव्हतीच. ऑफिसात सीएल-एसएल मोजणाऱ्या मित्रमैत्रिणींना ताई हे सांगतात तेव्हा त्यांना खोटं वाटतं.

२०१८ च्या दिवाळीत हजेरी बोनस आला. महिनाभर एकही खाडा नाही तर ७०० रुपये. एक खाडा झाला की शून्य. कल्पना नवी नव्हती. शेजारच्या तीन-चार कारखान्यांत ती चालू होती आणि पहिल्या महिन्यात तिनं जादू केली. पावणेसातचे फोन जवळपास बंद झाले. ताईंनी पेढे वाटले नाहीत इतकंच.

त्याच सुमारास पुण्याचा एक सल्लागार आला आणि त्यानं ब्रॅडफर्ड नावाचं एक सूत्र शिकवलं. वर्षात माणूस किती वेळा गैरहजर राहिला, त्या आकड्याचा वर्ग करायचा आणि त्याला एकूण गैरहजर दिवसांनी गुणायचं. एकदाच आजारी पडून बावीस दिवस घरी राहिलेल्याचा अंक एक गुणिले एक गुणिले बावीस, म्हणजे २२. नऊ वेळा एकेक दिवस दांडी मारणाऱ्याचा नऊ गुणिले नऊ गुणिले नऊ, म्हणजे ७२९. कारण कारखान्याला लांबचं आजारपण परवडतं, बदली माणूस बघता येतो. खरी दमछाक करतो तो अचानक आलेला एकेक दिवस. लेडलवाल्याचा अनुभव असलेल्या ताईंना हे लगेच पटलं. बावीसवाला होता टायफॉइडचा रुग्ण. ७२९ वाला होता मोल्डिंगचा एक सव्वीस वर्षांचा पोरगा, अबोल, कामाला चोख. त्याला ताकीदपत्र गेलं. त्यानं वाचलं, सही केली, घडी घालून खिशात ठेवलं.

आठवडाभराने रात्री ताई पुढच्या महिन्याचं प्लॅनिंग करत बसल्या होत्या. पोरग्याच्या खाड्यांच्या तारखा समोर होत्या. ५ फेब्रुवारी, २६ फेब्रुवारी, १९ मार्च, ९ एप्रिल, ३० एप्रिल. बाकीचे चार दिवस याच तारखांच्या आगेमागे. त्या पाचही तारखा मंगळवारच्या म्हणून आधी त्यांना वाटलं, कुठल्या तरी देवाचा वार पाळतोय. मग त्यांनी मधले दिवस मोजले. प्रत्येक वेळी एकवीस. हे अंतर त्यांच्या ओळखीचं होतं. आत्याच्या वेळी त्यांनी स्वतः कॅलेंडरवर अशाच खुणा केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावल्यावर पोरगा बराच वेळ दरवाजाच्या कडीकडे बघत होता. "आईला केमो हाय. फॉर्मवर 'स्वतः आजारी' लिवल्याशिवाय चालत न्हाई म्हणून ताप लिवला." आईचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला होता, त्या बाजूने चिंता नव्हती. पण सलाइन चालू असताना शेजारी बसणाऱ्याचा दिवस कुठल्याच योजनेत बसत नाही. कर्मचारी राज्य विम्याच्या, म्हणजे ईएसआयच्या, कार्डावर आईवडील असले तर त्यांना औषधोपचार मिळतात, पण रोख भरपाई मिळते ती विमाधारक स्वतः आजारी असेल तरच. दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या मुलाचा रकाना कुठंच नाही.

ताकीदपत्र फाइलमधून काढलं गेलं. ताई सल्लागाराला दोष देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. सूत्रानं बोट योग्य ओळीवरच ठेवलं होतं. "याचं काय चाललंय?" असं विचारायचं सोडून "याला काय करायचं?" असं आपण विचारलं, असं त्या म्हणतात.

ईएसआय हा या धंद्यातला रोजचा शब्द, पण त्याचा नेमका हिशेब कामगारांना सोडाच, मालकांनाही पाठ नसतो. कर्मचारी राज्य विमा योजनेचा मूळ कायदा १९४८ चा, योजना प्रत्यक्ष सुरू झाली फेब्रुवारी १९५२ मध्ये, कानपूर आणि दिल्लीत. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का. १६,००० पगार असेल तर मालक ५२० भरतो, कामगार १२०. त्या बदल्यात औषधपाणी, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के. त्यासाठी आधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. क्षयासारख्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीत माणूस बसला आणि पुरेशी जुनी नोकरी असली, तर ९१ दिवसांनंतरही ८० टक्के मिळत राहतात, दोन वर्षांपर्यंत.

कागदावर हे चांगलं आहे आणि गरजेच्या वेळी ते खरोखर उभं राहतं, हे ताईंनी पाहिलंय. पण दोन फटी आहेत. पहिली, आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे ईएसआय देत नाही. पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर गोष्ट वेगळी. म्हणजे साधा ताप, जुलाब, डोळे येणं, ज्या आजारांत माणसाने दोन दिवस घरीच बसावं आणि दुसऱ्याला लागण करू नये, ते नेमके कुणाच्याच खात्यात येत नाहीत. दुसरी फट पगाराची. महिना २१,००० च्या वर गेलात की ईएसआयच्या बाहेर. फौंड्रीत वर जाणारे कोण? जुने, कसबी, पन्नाशीकडे झुकलेले. ज्यांची हाडं कुरकुरायला लागलेली असतात, तेच.

भट्टीवाले मामा त्यातलेच. मणक्याचं ऑपरेशन झालं. ताईंनी काढलेल्या ग्रुप मेडिक्लेमनं दवाखान्याचं बिल दिलं, पण मेडिक्लेम पगार देत नाही. साठलेली रजा अठरा दिवसांत संपली आणि पुढे दीड महिना कोरा. ताईंनी अर्धा पगार चालू ठेवला. लगेच प्रश्न आला, तोही भट्टीवरच्याच दुसऱ्याकडून, अगदी साध्या आवाजात: "मग माझ्या हर्नियाला का न्हाई दिला?" त्याला उत्तर नव्हतं. छोट्या कारखान्यात एकाला दिलं की चौतिसांना दिल्यासारखं असतं, आणि न देणंही चौतीस जण बघत असतात. शेवटी हर्नियावाल्यालाही मागच्या तारखेनं पैसे गेले.

एकदा मोल्डिंगचा एक जण सतरा दिवस न सांगता गायब झाला. फोन बंद. ताईंनी नाव कमी केल्याचं पत्र टाइप करून ठेवलं होतं. वकिलांनी थांबवलं आणि १९९३ चा एक निकाल सांगितला: डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज. आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिला म्हणून कंपनीनं स्थायी आदेशांच्या आधारे एका कामगाराची नोकरी आपोआप संपली असं धरलं होतं. कामगाराचं म्हणणं, मी येत होतो, मला गेटवर अडवलं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय, चौकशी केल्याशिवाय असं करता येणार नाही. त्याला निम्म्या थकीत पगारासह कामावर घ्यायला लावलं. शिवाय त्या वेळी लागू असलेल्या ईएसआय कायद्याचं कलम ७३ होतंच: आजारपणाचा लाभ घेणाऱ्या किंवा रीतसर उपचार चालू असलेल्या माणसाला त्या काळात काढता येत नव्हतं, शिक्षा करता येत नव्हती. ताईंनी पत्र टाकून दिलं आणि घरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं विचारणा पाठवली. उत्तर घेऊन त्याचा भाऊ आला. माणूस मिरजेला दवाखान्यात होता, डोक्याच्या डॉक्टरकडे, आणि घरच्यांनी लाजेनं कुणाला कळवलं नव्हतं.

आता तात्यांचं.

तात्या फेटलिंगला. ओतलेल्या कास्टिंगवरचे कंगोरे, चिकटलेली वाळू ग्राइंडरने साफ करायची. अकरा वर्षांची नोकरी. हजेरी बोनस सुरू झाल्यापासून तो एकदाही न चुकलेला हा एकच माणूस, लॉकडाऊनचे महिने सोडून. दर महिन्याचे ते ७०० रुपये मुलीच्या क्लासच्या फीला जायचे, हे ताईंना फार नंतर कळलं.

२०२१ च्या नोव्हेंबरपासून तात्या खोकत होते. फेटलिंगमध्ये खोकला कुणाला ऐकू येत नाही. तिथं तो ग्राइंडरच्या आवाजाचाच एक भाग असतो. तोंडाला मास्क होते. जानेवारीत ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा सगळेच खोकत होते. तात्यांची तपासणी झाली, कोविड नाही असं आलं, आणि त्या एका 'नाही'वर सगळे निर्धास्त झाले. गेटवर रोज सकाळी कपाळावर थर्मामीटरची बंदूक लागायची. तात्यांचा आकडा रोज नॉर्मल. क्षयाचा ताप संध्याकाळी चढतो. पाच वाजता सुट्टी झाली की ते घरी जाऊन घोंगडं पांघरून पडत होते आणि सकाळी पुन्हा गेटवर नॉर्मल होत होते.

पट्ट्याला त्यांनी खिळ्याने एक नवं भोक पाडलं होतं, मग त्याच्या आत आणखी एक. हे कुणीतरी बघितलं होतं. "तात्या, वाळलासा" म्हणालंही होतं. "जरा खोकलाच हाय," एवढंच उत्तर.

फेब्रुवारीत एके दुपारी झाडूवाल्या मावशी केबिनच्या दारात आल्या. हातात काही नव्हतं, पण हात पुढे धरलेला होता. हात पुसायचं कॉटन वेस्ट भंगाराच्या पिंपात टाकलेलं असतं, त्यात त्यांना रक्त दिसलं होतं. कुणाच्या हाताला लागलंय का म्हणून त्यांनी सगळ्यांना विचारलं. कुणाला लागलं नव्हतं.

तात्यांना घेऊन ताई स्वतः ईएसआयच्या दवाखान्यात गेल्या. भिंतीवर तक्ता होता: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस? तात्या म्हणाले, "असंल पंधराएक दिवस." ताईंनी मोबाइलवर हजेरी उघडली, उगाच, काहीतरी हातात असावं म्हणून. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. साप्ताहिक सुट्ट्या सोडल्या तर रोज हिरवी टिकमार्क. त्यांच्या यंत्रानं तीन महिने रोज सकाळी दाखला दिला होता की हा माणूस ठीक आहे, आणि महिनाअखेरीस त्या दाखल्यावर त्यांनी स्वतः ७०० रुपये दिले होते.

थुंकीत क्षय निघाला. छातीच्या फोटोवर डॉक्टर जास्त वेळ थांबले, कारण फेटलिंगची धूळ म्हणजे वाळूची बारीक सिलिका आणि सिलिकानं खराब झालेल्या फुप्फुसाला क्षय लवकर धरतो. सिलिकोसिस निघाला नाही. धुळीतून हलवा, एवढं मात्र स्पष्ट सांगितलं. धूळ खेचून घेणाऱ्या हूडचं कोटेशन ताईंच्या टेबलाच्या खणात दोन वर्षं पडून होतं.

उपचार सहा महिन्यांचे. पहिले दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. तात्या पहिल्याच आठवड्यात घाबरून फोन करून म्हणाले, लघवी लाल होतीय. रिफॅम्पिसिननं ती तशी होतेच, हे दवाखान्यात सांगितलं होतं, पण सांगितलेलं सगळं कुणाच्या लक्षात राहतं? निक्षय पोषण योजनेचे तेव्हा महिन्याला ५०० रुपये होते, ते खात्यात येऊ लागले. फेटलिंगच्या बाकीच्यांची, घरच्यांची तपासणी झाली. कुणाला निघालं नाही. नाव गुप्त ठेवायचं ताईंनी ठरवलं होतं. चौतीस माणसांच्या कारखान्यात एका शॉपच्या सगळ्यांना एकाच दिवशी एक्सरेला पाठवलं तर काय गुप्त राहणार?

खरी झोंबाझोंबी तिसऱ्या आठवड्यात झाली. औषध नीट चालू असलं की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती बरीच कमी होते, हे तात्यांनी ऐकलं होतं. ते गेटवर येऊन उभे राहिले. फिटनेस नव्हता. ताई म्हणाल्या, फिटनेसशिवाय नाही. तात्यांनी हिशेब मांडला. सोळा हजारांचे सत्तर टक्के म्हणजे अकरा हजार दोनशे. ओव्हरटाइम गेला. बोनस गेला. "आनि हजेरीचं पैसं तुमीच लावल्यासा की, ताई." आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते लागलं.

पगारातला फरक आपण द्यावा असं त्यांच्या मनात आलं होतं. हिशेबनिसांनी अडवलं: ज्या दिवसाचा पगार मिळतो त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ मिळत नाही, मदत करायला जाल आणि त्याचे अकरा हजार घालवाल. मग उचल दिली, बिनव्याजी, परतफेड कामावर आल्यावर. दर आठवड्याला दाखला आणायला तात्यांना दवाखान्यात जावं लागायचं. तिथली रांग, एसटीचं भाडं. कधी मावशी, कधी कोअरशॉपमधली एखादी बाई सोबत जायची, आणि त्या बाईचा तो अर्धा दिवस पुन्हा मस्टरमध्ये 'ग' म्हणून पडायचा. ताईंनी तो खोडून हजर लावला. यंत्रात असं खोडता येतं हे त्यांना त्या दिवशी समजलं.

तात्या मे महिन्याच्या शेवटी आले, फिटनेस घेऊन, फेटलिंगऐवजी स्टोअरला. हलकं काम या शब्दाला फौंड्रीत फारसा अर्थ नाही. तिथं हलकं काहीच नसतं. डॉक्टरच्या कागदावर फिट असतं नाही तर अनफिट, मधलं काही नाही. ताईंचा एक मावसभाऊ बर्मिंगहॅमला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तो सांगतो, तिकडे २०१० पासून डॉक्टर "अमुक बदल केलेत तर काम करू शकेल" असं लिहून देतात. शिवाय पहिल्या सात दिवसांचं आजारपण कामगारानं स्वतःच लिहून द्यायचं, डॉक्टरचा दाखला लागत नाही. इकडे हे चालेल का, यावर दोघांचं रात्री बराच वेळ फोनवर बोलणं झालं. मावसभावाचं मत: तिकडेही सोमवारी जास्तच माणसं आजारी पडतात.

पहिले तीन आठवडे तात्या डबा घेऊन एकटे कॉम्प्रेसर रूमच्या मागे बसायचे. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं आणि ये पण म्हटलं नव्हतं. आरोग्य खात्याचा एक माणूस येऊन बोलून गेला, मान डोलावून सगळ्यांनी ऐकलं, पंगत होती तशीच राहिली. मग मृगाचा पाऊस लागला. कॉम्प्रेसर रूमच्या मागे पत्रा नाही. तात्या डबा उचलून शेडमध्ये आले, मामांनी सरकून जागा केली, आणि कुणीतरी खर्डा मागितला.

हूड बसला. हजेरी बोनस गेला. त्यातले ५०० पगारात मिसळले आणि उरलेल्या पैशांतून ताईंनी एक वेगळी गोष्ट केली: वर्षाला सहा दिवस भरपगारी तापाची रजा, एका वेळी जास्तीत जास्त दोन दिवस, दाखल्याशिवाय, फोनवर सांगितलं की झालं. ईएसआय ज्या दोन दिवसांचे पैसे देत नाही, नेमके तेच. खोकत कामावर आलेल्याला सुपरवायझरने परत पाठवायचं, आणि तो दिवस या सहांतून जातो. लेडलवर, होइस्टवर, भट्टीवर प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार करायला दोन वर्षं लागली. जुन्यांनी आपलं कसब सहजासहजी दाखवलं नाही. मामांनी तर भट्टीचं पॅनेल शिकवायला वर्ष लावलं.

याचा गैरफायदा कुणी घेत नाही असं नाही. दोघे जण आहेत, मार्चपर्यंत त्यांचे सहाच्या सहा दिवस संपलेले असतात आणि ते हमखास साप्ताहिक सुट्टीला जोडून असतात. कोण ते सगळ्यांना माहीत आहे. ताई त्यांच्या मागे लागत नाहीत. एकदा हिशेब करून बघितला, आणि त्या दोघांचे बारा दिवस मिळून तात्यांच्या तीनेक महिन्यांपेक्षा स्वस्त पडले.

यंत्र अजून गेटवर आहे. पण ताईंनी एक साधी दोनशे पानी वही केली आहे, ती खणात कुलपात असते. तारीख, नाव, 'ग', आणि पुढे कंस. आजाराचं नाव त्या लिहीत नाहीत. आईबरोबर जायचं असेल तर (आई). टोळी आली तर (ऊस). बऱ्याच ठिकाणी कंस रिकामा आहे. 'खरं' हा अण्णांचा शेरा मात्र त्यांच्या हातून अजून एकदाही उतरलेला नाही. अण्णा खाटेजवळ जाऊन बघून आलेले असायचे.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी पावणेसातला फोन वाजला. सवयीनं घड्याळ बघून झालं, मग नाव बघितलं. तात्या होते. नोकरीतली सगळी वर्षं मोजली तरी त्यांचा पावणेसातचा फोन हा पहिलाच. ताई उठून बसल्या.

"काय झालं तात्या? खोकला आहे का?"

"न्हाई न्हाई. खोकला न्हाई. आज अंग जरा जड हाय. येत न्हाई म्हटलं."

एवढंच. दाखला नाही, कारण नाही, आवाजात अपराध्यासारखं काही नाही. ताई "बरं, पडा घरी" म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर त्यांना रागच आला. त्या दिवशी दोन गाड्या माल उतरायचा होता आणि स्टोअरच्या किल्ल्या तात्यांकडे होत्या. त्यांनी सुपरवायझरला फोन लावला, किल्ली आणायला कुणाची मोटारसायकल पाठवायची ते ठरवलं, आणि हीट आठची साडेआठ केली.